पीएचक्यू-९ ची मराठी प्रश्नावली: फील्डवर वापरल्यानंतरचं मत

नैराश्य ओळखण्यासाठी आपल्याकडे सगळ्यात जास्त फिरणारी प्रश्नावली म्हणजे पीएचक्यू-९. खासगी दवाखान्याचं काउंटर, संस्थांचे टॅब, कॉलेजातली मानसिक आरोग्याची शिबिरं, मोबाइलवरची ॲप्स, जिथे जाल तिथे तीच नऊ वाक्यं. तिच्या पहिल्या दोन प्रश्नांची छोटी आवृत्ती, पीएचक्यू-२, आशाताईंच्या सीबॅक फॉर्ममध्येही आहे. म्हणजे तिशी ओलांडलेल्या ज्या माणसाचा बीपी-शुगरसाठी फॉर्म भरला, त्याला हे दोन प्रश्न विचारले गेलेले असायला हवेत. इतक्या वापरातल्या वस्तूबद्दल, ती आपल्या माणसांवर कितपत चालते याबद्दल, मराठीत सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी अमरावती जिल्ह्यात आरोग्याच्या सर्व्हेंवर काम करते. प्रश्न विचारायला जाणाऱ्या मुलामुलींना शिकवणं, त्यांच्यासोबत गावात बसणं, संध्याकाळी त्यांचे फॉर्म तपासणं हे माझं काम. मी डॉक्टर नाही. पण फॉर्मवरचं वाक्य एखाद्या बाईच्या कानावर पडल्यापासून ते आकडा होऊन कागदावर उतरेपर्यंत मध्ये काय काय घडतं, ते मी रोज बघते, आणि या परीक्षणात तेवढंच सांगायचं आहे.

आधी वस्तू काय आहे ते. नऊ प्रश्न. प्रत्येकाला चार उत्तरं: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना अनुक्रमे ०, १, २, ३ गुण. बेरीज ० ते २७ मध्ये कुठेतरी येते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र असे टप्पे आहेत. विचारायचं ते फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल. शेवटी एक दहावा प्रश्न असतो, ज्याला गुण नाहीत: या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, माणसांशी वागणं किती अवघड झालं? पुष्कळ जण हा प्रश्न गाळतात, कारण बेरजेत तो धरत नाहीत. मला विचाराल तर पूर्ण फॉर्ममधला हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे.

किंमत शून्य. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के यांनी फायझर कंपनीच्या अनुदानातून ही प्रश्नावली तयार केली. त्या काळात फायझर नैराश्यावरची गोळीही विकत होती, आणि वापरणाऱ्याला हे माहीत असलेलं बरं. पण त्याचबरोबर हेही खरं की हा फॉर्म छापायला, वाटायला, भाषांतर करायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि मराठी आवृत्ती तयार मिळते. जीएचक्यू-१२ ही मनाचा त्रास ओळखायची दुसरी प्रश्नावली वापरायची तर परवान्याचा विचार करावा लागतो. छोट्या संस्थेसाठी हा फरक मोठा आहे.

आता तिच्या विश्वासार्हतेचे आकडे. २००१ साली जो मूळ लेख छापून आला, त्यात अमेरिकेतल्या ८ सर्वसाधारण आणि ७ स्त्रीरोग दवाखान्यांमधले ६,००० रुग्ण होते. त्यातल्या ५८० जणांची मानसोपचार क्षेत्रातल्या तज्ज्ञाने वेगळी मुलाखत घेतली. १० हा कटऑफ, म्हणजे जिथून पुढे नैराश्याची शंका घ्यायची ती रेषा, धरला तर नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के सापडले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर बाजूला राहिले. प्रश्न एकमेकांशी किती जुळून चालतात ते सांगणारा क्रोनबाखचा अल्फा ०.८९ आणि ०.८६. एकाच माणसाला ४८ तासांच्या आत पुन्हा विचारल्यावर दोन बेरजांमधला संबंध ०.८४. प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिताना हे आकडे आजही जसेच्या तसे उचलले जातात. ‘प्रमाणित प्रश्नावली’ म्हटलं की विषय संपला, असा समज आहे.

माझं म्हणणं असं की हे आकडे त्या दवाखान्यांत, त्या माणसांनी, त्या पद्धतीने भरलेल्या फॉर्मचे आहेत. फॉर्म डाउनलोड केला म्हणून ते आपोआप आपल्याकडे येत नाहीत. तिथे लोकांनी स्वतः पेन हातात घेऊन, एकट्याने, डॉक्टरची वाट बघत फॉर्म भरला. आमच्याकडे तो वाचून दाखवावा लागतो, ओसरीवर, चार माणसांत, आणि वाचणारी मुलगी बाविशीची, सकाळच्या एसटीने आलेली. विश्वासार्हता तपासायची तर या सगळ्याची तपासायला हवी.

पहिली अडचण येते ती दिवस मोजण्याची. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ म्हटलं की समोरची बाई मान हलवते, पण तिच्या डोक्यात कोणते दिवस येतात ते आपल्याला कळत नाही. कोणी पोळ्यापासूनचं सांगतं, कोणी नवरा वारला तेव्हापासूनचं. आमच्या भागात दिवस आठवडी बाजाराने मोजतात. म्हणून आम्ही विचारतो, ‘मागचा बाजार झाला, त्याच्या आधीचा बाजार झाला, तिथपासून आजपर्यंतचं सांगा.’ दोन बाजार म्हणजे फार तर चौदा दिवस, आणि तिला आठवायला एक खुंटी मिळते: त्या बाजारात काय घेतलं, कोण भेटलं, घरी येऊन स्वयंपाक केला की नाही.

त्याहून अवघड आहे ‘निम्म्याहून जास्त दिवस’. असा हिशोब कोणी मनात ठेवत नाही. आम्ही दोन्ही आठवडे वेगळे विचारतो, सातपैकी किती रात्री, आणि बेरीज आम्ही करतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या सरकारी फोन-सर्वेक्षणातही याच प्रश्नांना थेट दिवस विचारले गेले आणि मग ० ते १ दिवसाला ०, २ ते ६ दिवसांना १, ७ ते ११ ला २, १२ ते १४ ला ३ असे गुण दिले. आम्ही हाच तक्ता छापून प्रत्येक टॅबच्या मागे चिकटवला. त्याआधी ‘काही दिवस’ म्हणजे एका मुलासाठी दोन दिवस होते आणि दुसऱ्यासाठी आठ. दोघांच्या फॉर्ममधला फरक माणसांचा नव्हता, विचारणाऱ्यांचा होता.

मग झोप. तिसरा प्रश्न झोप न लागण्याचा, मध्येच जाग येण्याचा किंवा फार झोपण्याचा. रब्बीच्या दिवसांत, गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं तेव्हा, शेतीपंपाची लाइट पाळीपाळीने रात्री येते. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन वावरात जातो आणि पहाटे परत येतो. त्याला विचारा, ‘झोपेचा त्रास?’ तो म्हणणार, ‘रोजचाच आहे जी.’ गुण ३. चौथा प्रश्न थकव्याचा: रोजचाच. आणखी ३. जेवायची वेळ बिघडलेली, म्हणून पाचव्याला १. दिवसा डोळे मिटतात, लक्ष लागत नाही, सातव्याला २. झाले ९. मन उदास आहे का विचारलं तर तो हसतो. हरभरा चांगला आहे, भाव मिळाला तर पोरीचं लग्न उरकायचं आहे. एक गुण वाढला असता तर टॅबवर लाल खूण आली असती.

यावर आम्ही काढलेला उपाय सांगते, पण त्याची किंमतही सांगते. छापलेलं वाक्य आधी जसंच्या तसं वाचायचं. मग ठरलेला एकच जोडप्रश्न: ‘झोपायला मोकळीक होती, तेव्हा झोप लागली का?’ गुण या दुसऱ्या उत्तराला. भुकेसाठीही तसंच: उपवास, रोजा, घरात धान्य नसणं आणि समोर ताट असून खावंसं न वाटणं, यातलं शेवटचंच धरायचं. असं केलं की शरीराच्या प्रश्नांमधला बराच गाळ निघून जातो. पण मग तो मूळ फॉर्म राहत नाही, आणि बदललेल्या फॉर्मची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. पुष्कळ टीम जोडप्रश्न तर घालतात, पण ज्याला जसा सुचेल तसा, आणि अहवालात लिहितात ‘प्रमाणित पीएचक्यू-९ वापरली’. हे मला पटत नाही. बदल करा, लिहून ठेवा, सगळ्यांनी सारखाच करा आणि मग तपासा.

सातव्या प्रश्नात एकाग्रतेची उदाहरणं आहेत वर्तमानपत्र वाचण्याची आणि टीव्ही बघण्याची. ज्या मावशीने शाळेचं तोंड पाहिलं नाही आणि जिच्या घरचा टीव्ही पोरं सोडत नाहीत, तिच्यासाठी ही उदाहरणं निरुपयोगी. आम्ही धान्य निवडणं आणि बाजारात पैसे मोजून परत घेणं ही दोन कामं ठरवली. ‘गहू निवडता निवडता हात थांबतो, मन भलतीकडेच जातं, असं होतं का?’ असं विचारलं की बायका क्षणभर थांबून खरं उत्तर देतात. आठवा प्रश्न मात्र कोणत्याही उपायाने सुधारत नाही. हालचाल किंवा बोलणं फार मंदावलं, किंवा याच्या उलट, फार अस्वस्थ होऊन येरझारा घालता, असे दोन टोकांचे त्रास एकाच वाक्यात आहेत. ऐकणारा शेवटचा अर्धा भाग लक्षात ठेवतो आणि त्यालाच उत्तर देतो. वाचून भरणाऱ्यासाठी हे चालत असेल. ऐकून उत्तर देणाऱ्यासाठी हा प्रश्न दोन तुकड्यांत विचारायला हवा.

आता अल्फाबद्दल, कारण प्रत्येक अहवालात तो मिरवला जातो. एका प्रकल्पात आमच्या एका मुलीच्या फॉर्मचा अल्फा सगळ्यांत वरचा आला. परवानगीने केलेलं रेकॉर्डिंग मी ऐकलं. ती नऊ प्रश्न एका लयीत वाचत होती, समोरून ‘हो’, ‘हो’, ‘होते कधीकधी’ येत होतं. ज्याने पहिल्याला हो म्हटलं त्याने सगळ्यांना हो म्हटलं, ज्याने नाही म्हटलं त्याने सगळ्यांना नाही. अशी उत्तरं एकमेकांशी छान जुळतात, आणि अल्फा वर चढतो. दुसरा एक मुलगा प्रत्येक प्रश्नानंतर थांबायचा, पाणी प्यायचा, समोरच्याला बोलू द्यायचा. त्याचा अल्फा कमी होता, पण मानसतज्ज्ञ ताईंनी नंतर घेतलेल्या मुलाखतींशी त्याचेच फॉर्म जास्त जुळले. म्हणून कोणी ‘आमच्या मराठी आवृत्तीचा अल्फा उत्तम’ एवढंच सांगून थांबलं, तर मी विचारते की पाठोपाठच्या ‘हो’चं काय केलं? आम्ही आता टॅबवर नऊ प्रश्नांना लागलेला वेळही बघतो. दीड मिनिटात उरकलेला फॉर्म बाजूला काढतो.

पुन्हा विचारून बघण्याची चाचणीही इथे वेगळं काहीतरी मोजते. एका तरुण सुनेचा फॉर्म घरी भरला. सासू शेजारीच ज्वारी निवडत होती. बेरीज ४. दोन दिवसांनी तीच अंगणवाडीत बाळाचा आहार न्यायला आली, तिथल्या खोलीत दार लोटून पुन्हा विचारलं. बेरीज १३. संगणकाला ही जोडी दिली तर तो म्हणेल प्रश्नावली अस्थिर आहे. माझ्या मते दोन्ही वेळा ती बाई त्या जागी जेवढं बोलू शकत होती तेवढं बोलली. मूळ फॉर्ममध्ये ‘जवळ कोण होतं’ असा रकानाच नाही. आम्ही घातला, आणि आमच्या भागात तरी तो कुठल्याही प्रश्नाइतकाच महत्त्वाचा निघाला. पुरुषांचं निराळं. पानठेल्यावर गाठून विचारलं तर सगळं शून्य, आणि दारूबद्दल हा फॉर्म काहीच विचारत नाही. ते वेगळं विचारावं लागतं.

विचारणारी कोण, यानेही फरक पडतो. गावातलीच आशाताई असेल तर काही बायका मोकळ्या होतात, काही मिटून जातात, कारण ती त्यांच्या जावेची मैत्रीण असते. बाहेरून कोणी आलं की वेगळीच अपेक्षा. आमच्या जिल्ह्यात सर्व्हे म्हटला की यादी आणि यादी म्हटली की अनुदान, हे लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. शेतकरी आत्महत्यांनंतर इतके फॉर्म घरोघरी भरले गेले की त्रास जास्त सांगितला तर मदत मिळेल असं कोणाला वाटलं तर त्यात नवल नाही. सुरुवातीलाच सांगावं लागतं की या फॉर्ममुळे पैसे मिळणार नाहीत आणि काही कापलंही जाणार नाही. हे वाक्य आधी नीट बोललं की उत्तरांचा रोख बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

हे प्रश्न फक्त आपल्याच भागाचे आहेत असं समजू नये. अमेरिकेतच न्यू हेवनमधल्या वृद्धांवर सीईएस-डी नावाची २० प्रश्नांची जुनी प्रश्नावली २००० साली बारकाईने तपासली गेली. एकूण त्रास सारखा असतानाही ‘लोक माझ्याशी नीट वागत नाहीत’, ‘लोकांना मी आवडत नाही’ या प्रश्नांना कृष्णवर्णीयांकडून जास्त होकार येत होते, आणि रडू येण्याच्या प्रश्नाला बायकांकडून. वर्णभेद सोसणारा माणूस ‘लोक नीट वागत नाहीत’ म्हणतो तेव्हा तो आपल्या आयुष्याबद्दल सांगत असतो, आणि फॉर्म ते आजाराच्या खात्यात टाकतो. आमच्या रात्रपाळीच्या शेतकऱ्याचं हेच होतं.

जवळचं उदाहरण गोव्याचं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पाच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ५९८ रुग्णांवर पाच प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहिल्या: जीएचक्यू-१२, पीएचक्यू-९, के-१०, के-६ आणि जागतिक आरोग्य संघटनेची एसआरक्यू-२०. २००८ मध्ये तो अभ्यास छापून आला. पाचही बऱ्यापैकी चालल्या, जीएचक्यू आणि एसआरक्यू थोड्या वरचढ ठरल्या. एसआरक्यूमध्ये फक्त हो किंवा नाही असं उत्तर द्यायचं असतं, आणि आमचा अनुभव असा की शाळा न शिकलेल्या वयस्कर माणसांसाठी ते सोपं जातं. त्या अभ्यासातून मी घेतलेली गोष्ट कटऑफबद्दलची आहे. रेषा खाली आणली की खरे रुग्ण सुटत नाहीत, पण आजार नसलेल्यांची गर्दी वाढते. वर नेली की उलट. रेषा कुठे मारायची ते आपल्याकडे किती डॉक्टर, किती समुपदेशक आहेत हे बघून ठरवावं लागतं, आणि ते तिथल्या तिथे तपासून.

नेपाळच्या चितवनमध्ये २०१६ साली छापलेला अभ्यास मला सगळ्यात उपयोगी वाटतो. १२५ रुग्ण, कटऑफ १०. नैराश्य असलेल्यांपैकी ९४ टक्के सापडले, नसलेल्यांपैकी ८० टक्के बरोबर सुटले. पण ज्यांचा स्कोअर १० किंवा त्याहून जास्त आला, त्यांच्यापैकी ४२ टक्क्यांनाच खरोखर नैराश्य होतं. त्या टीमने आधी लोक ज्या बोलीत मनाचा त्रास सांगतात त्याबद्दलचा एक प्रश्न आणि मग रोजचं काम जमतं का, असा एक प्रश्न ठेवून बघितला. ही चाळणी आधी लावली तर पूर्ण नऊ प्रश्न विचारायचं काम साधारण निम्म्यावर येतं. सुरुवातीला मी दहाव्या प्रश्नाचं कौतुक केलं ते उगाच नाही. झिम्बाब्वेमध्ये तर १९९७ मध्ये भाषांतराच्या वाटेला न जाता शोना भाषकांच्या तक्रारींमधूनच १४ प्रश्नांचा फॉर्म बांधला गेला, आणि पुढे हरारेतल्या फ्रेंडशिप बेंचच्या, म्हणजे दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लोकांशी मनाच्या त्रासाबद्दल बोलणाऱ्या आज्या त्याच्याच आधारे काम करू लागल्या. मराठीत असं मुळापासून बांधलेलं काहीतरी हवं आहे. जीव घाबरतो, डोकं गच्च होतं, छातीवर दडपण येतं, हे आमच्या लोकांचं पहिलं बोलणं असतं आणि पीएचक्यूमध्ये त्याला जागा नाही.

१० वर स्कोअर आला म्हणजे नैराश्य, असं समजणाऱ्यांसाठी एक हिशोब मांडते. २०१९ मध्ये जगभरातल्या ५८ अभ्यासांची, १७,३५७ माणसांची माहिती एकत्र करून पीएचक्यू-९ पुन्हा तपासली गेली. तज्ज्ञांच्या मुलाखतीशी ताडल्यावर, १० च्या कटऑफला आजार ओळखण्याचं प्रमाण ८८ टक्के आणि निरोगी सोडण्याचं ८५ टक्के. आता २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये त्या वेळी नैराश्य असलेल्यांचं प्रमाण २.७ टक्के आलं. (त्या १२ राज्यांमध्ये महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवा.) घरोघर जाऊन हजार माणसांना फॉर्म भरून घेतला असं धरा. २७ जणांना नैराश्य, त्यातले सुमारे २४ सापडतील. उरलेल्या ९७३ पैकी १५ टक्के, म्हणजे १४६ जण, आजार नसताना रेषेच्या वर जातील. १७० जणांच्या यादीत खरे २४. दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये प्रमाण जास्त असतं म्हणून तिथे चित्र बरं दिसतं, पण गावभर किंवा कॉलेजभर फॉर्म वाटून ‘इतके टक्के तरुण नैराश्यात’ अशी बातमी देणं चुकीचंच आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीला एका दवाखान्यात १२ स्कोअर आल्यावर, काही न विचारता, थेट गोळ्या लिहून दिल्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिने तो फॉर्म भरला होता. दहा मिनिटं तिच्याशी बोलायला हवं होतं.

बाळंतिणींसाठी पीएचक्यू-९ मी शक्यतो वापरत नाही. ज्या बाईला बाळ रात्रभर जागवतं, तिला झोप, थकवा, भूक विचारून काही कळत नाही. एडिनबरोची १० प्रश्नांची प्रश्नावली, १९८७ ची, याच कारणाने शरीराच्या तक्रारी बाजूला ठेवून बनली. तिच्यात झोपेचा प्रश्नही ‘दुःखामुळे झोप लागली नाही का’ असा आहे. गोव्यात २००२ साली छापलेल्या अभ्यासात ती वापरली गेली, आणि बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी जवळचा संबंध होता. तो फॉर्म चांगला आहे, फक्त त्याचे काही प्रश्न उलट्या क्रमाने गुण देतात, तिथे नवीन मुलं गडबडतात. बेरीज टॅबकडूनच करून घ्या.

आता नववा प्रश्न. मेलेलं बरं असं वाटतं का, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का. आमच्या आज्या ‘देवानं न्यावं आता’ हे पाणी मागितल्यासारखं सहज म्हणतात, आणि फॉर्ममध्ये त्याला लगेच गुण मिळतो. तरीही हा प्रश्न कधीच गाळायचा नाही, आणि उत्तर १ आलं तरी पुढे जायचं नाही. आमच्या मुलांना आम्ही टॅब मांडीवर उलटा ठेवायला शिकवतो. मग हळू आवाजात: असा विचार शेवटचा कधी आला? कसं करायचं तेही मनात येतं का? घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलं आहे? कोणाला सांगितलं का? आमच्या भागात तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण विषारी औषध बऱ्याच घरांत खाटेखाली असतं. उत्तर काळजीचं वाटलं तर त्या माणसाला एकटं सोडून निघायचं नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला तिथेच सांगायचं, डबे घराबाहेर हलवायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ज्या संस्थेकडे एवढी तयारी नाही तिने हा फॉर्म हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲपमध्ये एकट्याने भरायला ठेवून, नवव्या प्रश्नाला ‘रोज’ म्हणणाऱ्याला नुसता रंगीत आकडा दाखवणं तर धोक्याचंच आहे.

मग घ्यावा की नाही? दोन कामांसाठी मी तो मनापासून सुचवते. एक, उपकेंद्रात किंवा पीएचसीत बोलणं सुरू करण्यासाठी. ‘तुम्हाला टेन्शन आहे का’ या प्रश्नावर गप्प राहणारा माणूस झोप-भुकेवरून बोलायला लागतो आणि सहाव्या प्रश्नापर्यंत, म्हणजे आपण घरच्यांना तोंड दाखवायच्या लायकीचे राहिलो नाही असं वाटतं का, इथपर्यंत येताना डोळे भरून येतात. डॉक्टरकडे एरवी हे पोचलंच नसतं. दोन, त्याच माणसाचं महिन्यामहिन्याला बरं-वाईट बघण्यासाठी. तीच व्यक्ती, तीच विचारणारी, तीच जागा असेल तर संस्कृतीचे बरेचसे फरक आपोआप गळतात, कारण तुलना त्याची त्याच्याशीच असते. गोव्याच्या दहा पीएचसींमध्ये गावपातळीवरच्या समुपदेशकांनी मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत काम केलं. त्याचा निकाल २०१७ मध्ये आला: समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा स्कोअर तीन महिन्यांनी १० च्या खाली होता, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा. तिथे आत घ्यायची रेषा १४ च्या वर ठेवली होती. आमच्या अमरावतीतल्या तीस गावांमध्ये विश्राम प्रकल्पाने नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर नेलं. असं काम मोजायला काहीतरी फॉर्म लागतोच, आणि आज हाताशी असलेल्यांत हा वाईट नाही.

सुरू करणाऱ्यांनी एवढं करावं. आपल्याच भागातल्या पन्नास-साठ माणसांना फॉर्म विचारा आणि फॉर्म न बघितलेल्या मानसतज्ज्ञाकडून त्यांचीच मुलाखत घ्या. दोन विचारणाऱ्यांना एकाच माणसासमोर बसवून वेगवेगळे गुण देऊ द्या आणि कुठे फरक पडतो ते प्रश्नाप्रश्नाला बघा. खर्च फार नाही. जिल्हा रुग्णालयातल्या तज्ज्ञांचा थोडा वेळ आणि दोन-तीन आठवडे लागतात.

मेळघाटासाठी मात्र मी हा फॉर्म सध्या सुचवणार नाही. धारणी-चिखलदऱ्यात लोक कोरकू बोलतात. मराठी फॉर्म दुभाष्यामार्फत विचारला की प्रश्न एक विचारला जातो, दुभाषी दुसराच सांगतो आणि उत्तर तिसरंच येतं, आणि शेवटी बेरीज मात्र नेमकी दिसते. त्या बेरजेवर कोणाला रेफर करायचं ठरवू नये. कोरकू बोलणाऱ्या आशाताईंनाच सोबत घेऊन, तिथल्या तक्रारी गोळा करून, वेगळा फॉर्म बांधायला हवा. तोपर्यंत कोण जेवत नाही, कोण कामावर यायचं थांबलं, कोण बोलेनासं झालं, हे आशाताईला तिच्या शब्दांत चार ओळी लिहू द्या, आणि डॉक्टरांनी त्या वाचून त्या माणसाला भेटावं.